बेंचवरची उठाठेव

"त्या पोराचं कुठे जमलं का गं?"

काकूंनी २०२५च्या जुलैत कुंपणापलीकडून विचारलं आणि मी हातातली सुतळी तशीच धरून आमच्या रस्त्यावरची लग्नाची सगळी मुलं आठवून पाहिली. "कुणाचं? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या धाकट्याचं? त्याची म्हणे टेक्सासमध्ये कुणीतरी…"

"कोण डॉक्टर? मी मार्केलचं विचारून राहिली. मार्केल फुल्ट्झ! सॅक्रामेंटोचा करार संपला ना त्याचा. जुलै अर्धा गेला, कुणी बोलावून नाही राहिलं त्याला."

बास्केटबॉलपटू मार्केल फुल्ट्झने फिलाडेल्फिया सोडलं २०१९च्या फेब्रुवारीत. नंतर ऑरलँडो झालं, सॅक्रामेंटो झालं. पण काकू अजून त्याची चौकशी अशी करतात, की कुणाला वाटावं तो वीकेंडला जेवायला येणारच होता आणि आला नाही.

काकू मूळच्या नागपूरच्या. कॉलेजच्या टीममधून गार्ड खेळायच्या. १९८२मध्ये लग्न होऊन इकडे आल्या आणि पुढच्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियाची बास्केटबॉल टीम, सिक्सर्स, विजेती झाली. मोझेस मलोन, डॉक्टर जे, रस्त्यावर लोटलेली गर्दी. "मला वाटलं, दरवर्षीच होते हे इथे," असं त्या सांगतात. त्यानंतर एकदाही झालेलं नाही. फिलाडेल्फियाजवळच्या एक्स्टनच्या आमच्या गल्लीत हरणांपासून मेथी कशी वाचवायची हे विचारायला बायका त्यांच्याकडे जातात आणि पिक-अँड-रोल शिकून परत येतात. माझंही बास्केटबॉलचं शिक्षण याच कुंपणाला टेकून झालं. त्यामुळे अर्थातच मी नेहमी त्यांच्या विरुद्ध बाजूला असते.

"काकू, आता तो २७ वर्षांचा झाला. सॅक्रामेंटोत विसेक सामने खेळायला मिळाले. सामन्यामागे तीनच्या आसपास गुण. अजून किती वेळा संधी द्यायची?"

"तूच मोज ना किती वेळा दिली ते."

"मोजते की. पहिली फिलाडेल्फियाने दिली…"

"ती संधी नव्हती," काकूंनी मला तिथेच अडवलं. "ती वरात होती."

हे मात्र खरं. २०१७मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाकडून खेळताना या पोराची सरासरी होती सामन्याला २३ गुणांची. तीन गुणांचे फटके शंभरात एक्केचाळीस आत. एकोणीस वर्षांचा, सहा फूट चार इंच, दोन्ही बाजूंनी बास्केटवर चढणारा. त्याची टीम हरत होती, तरी सगळे म्हणायचे, यंदाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला नंबर हाच. आमच्या सिक्सर्सकडे तिसरा नंबर होता. पहिला होता बॉस्टनकडे. ड्राफ्टच्या दोन-तीन दिवस आधी सिक्सर्सनी आपला तिसरा नंबर आणि वर पुढचा एक पहिल्या फेरीचा हक्क देऊन बॉस्टनकडून पहिला नंबर घेतला. तिसऱ्या नंबरावर बॉस्टनने उचलला जेसन टेटम.

"बॉस्टनला!" आठ वर्षांनंतरही काकूंना हा शब्द नीट गिळवत नाही. "द्यायचंच होतं तर दुनियेत बाकी कुणी नव्हतं का? अगं, १९८२मध्ये इथे पाऊल ठेवलं तेव्हा काकांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. बर्फात गाडी हळू चालव आणि बॉस्टनवर विश्वास ठेवू नको."

टेटम २०२४मध्ये विजेता झाला. २०२५च्या मे महिन्यात न्यूयॉर्कविरुद्ध खेळताना त्याच्या टाचेची शीर तुटली, तेव्हा काकूंनी हळहळ व्यक्त केली. पण ती बॉस्टनच्या हिशेबात धरायची नाही, असं बजावूनच.

"आणि मला सांग," त्या पुढे म्हणाल्या, "ती किंमत काय मार्केलने लावली होती? एकोणीस वर्षांचं लेकरू. त्याच्यासाठी काय काय दिलं, हे मोठ्या माणसांनी ठरवलं. मग आठ वर्षं त्याची उधारी त्यालाच का मागायची?"

"मग हिरोपण त्याला का दिलं? ते त्याने घेतलंच की."

"हौ, घेतलं. तू नसतं घेतलं?"

इथे मी तोंडलीच्या वेलाकडे लक्ष वळवलं.

खांद्याची गोष्ट आमच्या कुंपणावर किमान एकदा तरी निघतेच. पहिल्या सीझनच्या सुरुवातीला चारच सामने खेळून हा पोरगा घरी बसला. खांदा दुखतो, म्हणाला. हात वर नेताना चेंडू मधेच थांबायचा, जणू कुणी मनगट धरलंय. ज्या पोराने कॉलेजात तीन गुणांचे फटके सहज मारले, त्याला फ्री थ्रो लाइनवर साधा चेंडू सोडता येईना. मग सुरू झाली चर्चा: डोक्यात गेलंय, घाबरला, उन्हाळ्यात कुणीतरी त्याची फेकण्याची पद्धत बदलायला लावली. २०१८च्या मार्चमध्ये ६८ सामने चुकवून तो डेन्व्हरविरुद्ध परत उतरला, तेव्हा मात्र प्रेक्षक उभे राहून ओरडले. हे मी फिलाडेल्फियाच्या बाजूने आवर्जून सांगते, कारण या शहराचं नाव फार वाईट आहे. १९६८मध्ये फुटबॉलच्या सामन्यात इथल्या लोकांनी सांताक्लॉजला बर्फाचे गोळे मारले होते. इतक्या वर्षांनीही बाहेरचा माणूस आम्हाला पहिलं तेच ऐकवतो. त्या सांताला गोळे मारणाऱ्यांच्या नातवंडांनी फुल्ट्झला टाळ्या दिल्या. दोन-अडीच आठवड्यांनी त्याने मिलवॉकीविरुद्ध १३ गुण, १० रिबाउंड आणि १० असिस्ट केले. लीगच्या इतिहासात इतक्या लहान वयात ट्रिपल-डबल तोवर कुणी केला नव्हता.

"तो सामना मी रेकॉर्ड करून ठेवलाय," काकू म्हणाल्या. "काकांनी त्याच्यावर अमेरिकन आयडॉलचा एपिसोड घेतला."

"आणि नंतर प्लेऑफमध्ये काय झालं? बॉस्टनविरुद्ध?"

काकूंना ठाऊक होतं मी कुठे चाललेय ते. त्यांनी मिरचीचं एक पान उलटं करून मावा आहे का पाहिलं.

"मॅककॉनेलला खेळवलं," त्या शेवटी म्हणाल्या.

आता आला माझा माणूस. टी. जे. मॅककॉनेल. पिट्सबर्गजवळचा, म्हणजे आमच्याच राज्यातला. २०१५मध्ये ड्राफ्टमध्ये कुणी नावही घेतलं नाही त्याचं. त्या वर्षी सिक्सर्सची टीम अशी होती की ८२पैकी ७२ सामने हरली, म्हणून त्यात त्याला जागा मिळाली. उंची बेताची, उडी बेताची, फेक बेताची. पण समोरचा गार्ड चेंडू आत टाकताना क्षणभर गाफील राहिला की हा मांजरासारखा… छे, मांजराची उपमा नको, काकूंच्या बागेत मांजराने नुकताच धुमाकूळ घातलाय. हा चेंडू काढून घ्यायचा, एवढंच म्हणते. २०१७च्या जानेवारीत न्यूयॉर्कविरुद्ध शेवटच्या क्षणी बास्केट मारून त्याने सामना जिंकून दिला होता. २०१८च्या मे महिन्यात बॉस्टनविरुद्ध तीन सामने हरल्यावर प्रशिक्षकांनी चौथ्यात त्यालाच सुरुवातीला उतरवलं. त्याने १९ गुण केले. पहिल्या नंबरचा फुल्ट्झ बेंचवर बसून पाहत होता, आणि समोर टेटम खेळत होता.

"म्हणजे काकू, ज्याला कुणी निवडलंच नाही त्याने पहिल्या नंबरवाल्याची मिनिटं खेळून दाखवली. संधी कुणाला द्यायला हवी होती?"

"तेव्हा? तेव्हा मॅककॉनेललाच. मी कधी नाही म्हटलं? पण हा खेळत नव्हता कारण त्याचा हात वर जाऊन नव्हता राहिला. हे दोन वेगळे खटले आहेत."

तेवढ्यात आतून काकांनी हाक मारली, रिमोट सापडत नाही म्हणून. काकूंनी उत्तर दिलं नाही. एरवी देतात.

"आणि त्या वेळी त्या ऑफिसात काय चाललं होतं ते आठव," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. सात वर्षांची जुनी गोष्ट, सगळ्या पेपरांत आलेली, पण कुंपणावरून सांगायची तर आवाज खालीच आणायला हवा. "टीमचा अध्यक्ष कोलँजेलो. ट्विटरवर खोट्या नावांची खाती निघाली. कुणी आपल्याच खेळाडूंवर, एम्बीडवर, मार्केलवर टोमणे मारून राहिलं होतं. चौकशी झाली. वकिलांना काय आढळलं? खाती त्याच्या बायकोची! तिने कबूल केलं."

"आणि कोलँजेलोने राजीनामा दिला, जूनमध्ये."

"हौ. बाप्पा, घरातल्या गोष्टी अशा बाहेर कुणी बोलते का? त्यापेक्षा आपलं हे कुंपण बरं. इथे बोललेलं हरणंच ऐकतात."

हे त्या इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की हसावं की नाही, मला कळेना. आमच्या मराठी मंडळात गेल्या वर्षी जे जे कुणाला कळायला नको होतं, ते ते याच कुंपणावरून गेलं होतं.

पण मुद्दा गंभीर होता. २०१८च्या नोव्हेंबरात मायामीविरुद्ध फ्री थ्रो घेताना फुल्ट्झचा चेंडू हातात अडखळला, आणि ती क्लिप जगभर फिरली. लोक हसले. मीही हसले असेन. आठवडाभराने फिनिक्सविरुद्ध प्रशिक्षकांनी उत्तरार्धात त्याच्याऐवजी मॅककॉनेलला उतरवलं, आणि दुसऱ्या दिवशी एजंटाने सांगितलं, की पोरगा आता खांद्याच्या तज्ज्ञाकडे जाईल, तोवर खेळणार नाही. डिसेंबरमध्ये निदान आलं: थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या अरुंद वाटेतून हाताकडे नसा आणि रक्तवाहिन्या जातात, तिथे त्या दाबल्या जातात. बेसबॉलच्या पिचरांना होणारी व्याधी. हात वर नेला की त्रास. म्हणजे जो हात वर जाईना म्हणून सगळे त्याच्या डोक्याकडे बोट दाखवत होते, त्याचा घोटाळा गळ्याच्या खाली दोन बोटांवर होता.

काकूंच्या मते इथेच खटला संपतो.

माझ्या मते इथे तो सुरू होतो. कारण निदान झाल्यावर ऑरलँडोने त्याला घेतलं, शांतपणे बरं होऊ दिलं, सांभाळलं. २०२०च्या डिसेंबरमध्ये तीन वर्षांचा पाच कोटी डॉलरचा करार दिला. जेमतेम दोन आठवडे गेले आणि क्लीव्हलँडविरुद्ध डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. परत यायला २०२२चा फेब्रुवारी उजाडला. आणि तरीही पुढच्या सीझनला त्याने सामन्याला १४ गुण आणि जवळपास सहा असिस्ट काढले. लांबून फेकणं सुधारलं नाही ते नाहीच, पण आत घुसून, हात फिरवून, बास्केटजवळून तो मारत होता. ते वर्ष मी काकूंना मोकळ्या मनाने देऊन टाकते. ते वर्ष चांगलंच होतं. नंतर पुन्हा गुडघा. २०२४मध्ये करार संपला, कुणी विचारलं नाही. २०२५च्या फेब्रुवारीत सॅक्रामेंटोने डी-ॲरन फॉक्सला सॅन अँटोनिओला पाठवलं, पॉइंट गार्डची जागा रिकामी झाली, तेव्हा कुठे फोन वाजला.

"म्हणजे वरात, बरं होण्याची वर्षं, मोठा करार, गुडघ्यानंतरचं पुनरागमन, सॅक्रामेंटो," मी बोटांवर मोजून दाखवलं. "काकू, मॅककॉनेलचा खांदा पहिल्या वर्षी असा गेला असता तर? त्याला तज्ज्ञ, करार, शांतपणे बरं होणं, यातलं काय मिळालं असतं? आपल्याला त्याचं नावसुद्धा माहीत नसतं. पहिल्या नंबरने आलेल्याला संधी मागावी लागत नाही, ती आपोआप फिरून येते."

"मग काय करायचं, पहिल्या नंबरवाल्यांना खड्ड्यात टाकायचं? तो अँथनी बेनेट पाहा. २०१३चा पहिला नंबर. चार सीझनमध्ये बाहेर. त्याला कुठे फिरून आली?"

"आणि लिव्हिंग्स्टन?" मी म्हटलं. आणि म्हणताक्षणी कळलं की मी काकूंच्याच बास्केटमध्ये चेंडू टाकलाय.

"बघ! स्वतःच बोलली!" काकूंनी मिरच्यांचं टोपलं खाली ठेवलं. शॉन लिव्हिंग्स्टन, क्लिपर्सचा चौथ्या नंबरचा पोरगा. २००७मध्ये गुडघा असा उलटा झाला की डॉक्टर पाय कापावाही लागू शकतो म्हणाले होते. परत आला, या टीममधून त्या टीममध्ये, कुठे काढला, कुठे ठेवला. शेवटी गोल्डन स्टेटमध्ये राखीव गार्ड म्हणून बसला आणि तीन वेळा विजेता झाला. "त्याला पाच-सहा टीमांनी 'बस झालं आता' म्हणून सोडलं असतं तर?"

"त्याने लांबून फेकायचा नादच सोडला. बारा फुटांवरून मागे झुकून मारायचा, तेवढंच. त्याचं ठरलेलं होतं."

"तर मग मार्केलचंही ठरवायचं. कोण ठरवून नाही राहिलं, हा प्रश्न आहे."

इथे मी एक घोडचाल खेळले. म्हणजे विषय बदलला, पण नेमका. "काकू, रविवारी मंडळाची गणपतीची मीटिंग आहे ना? जेवणाचं काय ठरलं?"

"नवा पाहून राहिलोय आम्ही. जुन्या केटररला नाही म्हणून सांगितलं मी."

"का? एकदाच तर बिघडलं. पोळ्या वातड झाल्या, पुरण कमी पडलं. त्याआधी तीन वर्षं सगळे बोटं चाटत होते. त्याला नाही का दुसरी संधी?"

"मार्केलची गोष्ट वेगळी आहे. त्याचा खांदा दुखत होता. या केटररचा काय खांदा दुखत होता?"

"विचारलंत का कधी?"

काकू गप्प झाल्या. कुंपणाच्या या बाजूला हे वारंवार घडत नाही. मी लगेच फुशारकी मारली नाही, कारण त्यांच्या शेवग्याच्या शेंगा मला हव्या होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "त्याची बायको त्या वेळी नागपूरला गेली होती म्हणे. आईचं ऑपरेशन. कुणीतरी सांगितलं होतं. मी लक्ष नाही दिलं." मग त्यांनी ठरवून टाकलं: मीटिंगमध्ये त्याचं नाव घालायचं, पण सगळं जेवण नाही. फक्त मसालेभात आणि कोशिंबीर. पोळ्या दुसऱ्याकडून.

"पाहा, तुम्हीच मिनिटं कमी केलीत."

"केली. मग? कमी करून द्यावी. काढून टाकणं आणि सगळं हातात देणं, याच्यामधे काही असते की नाही?"

असतं. आणि मला आजवर नीट मांडता आलेलं नव्हतं ते हेच. लीगमध्ये टीममागे पंधरा पक्क्या जागा आणि तीन टू-वे. तीस टीम. पंधराव्या जागेवर फुल्ट्झ बसला की डेव्हलपमेंट लीगमध्ये बसने फिरणारा, हॉटेलच्या खोलीत दोघांत राहणारा कुणी एक मॅककॉनेल बाहेर राहतो. 'फुल्ट्झला अजून एक संधी द्या' म्हणणाऱ्यांना तो पोरगा दिसत नाही, कारण त्याची क्लिप कधी फिरलीच नाही. काकूंना मी हे सांगितलं, तर त्यांनी लगेच लाउरी काढला. ३९ वर्षांचा, फिलाडेल्फियाचाच काइल लाउरी सिक्सर्सच्या बेंचवर होता, त्याची जागा कुणी कुणासाठी मागत नव्हतं. त्या सीझनला ५८ सामने हरलो, तरी म्हातारा जागेवर होता.

"लाउरी तरुणांना शिकवतो," मी म्हटलं.

"आणि मार्केल काय शिकवणार नाही? ज्याला चेंडू हातातून सुटेनासा झाला होता त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, हात कसा वर जातो ते?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर द्यावंसंही वाटलं नाही.

मग काकूंनी २०२५च्या जूनची फायनल काढली. इंडियाना विरुद्ध ओक्लाहोमा सिटी. आमचा मॅककॉनेल तेव्हा इंडियानाचा राखीव पॉइंट गार्ड. तिसऱ्या सामन्यात बेंचवरून येऊन १० गुण, ५ असिस्ट आणि ५ वेळा चेंडू चोरला. फायनलमध्ये राखीव खेळाडूने असं त्याआधी कधी केलं नव्हतं. तो सामना आम्ही दोघींनी काकूंच्या घरात पाहिला, काका झोपले होते. सातव्यात इंडियानाचा मुख्य पॉइंट गार्ड हॅलिबर्टन याच्या टाचेची शीर तुटली आणि तो पुढचा सीझनही खेळणार नाही, हे टीमने त्याच जुलैत जाहीर केलं.

"म्हणजे इंडियानाला गार्ड पाहिजे," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"काकू. नाही."

"काहून नाही? मॅककॉनेल आता जास्त मिनिटं खेळणार. त्याच्या मागे कुणी पाहिजे. नोव्हेंबरपर्यंत काही नाही झालं तर जानेवारीत दहा दिवसांचा करार द्यायचा. लीगचा नियमच आहे. एका टीमला दोन वेळा देता येतो, मग ठेवायचा की सोडायचा ते ठरवायचं. मार्केल मॅककॉनेलच्या मागे बसेल."

"फुल्ट्झ, मॅककॉनेलचा बदली?"

"हौ. डीमॅथा शाळेत असताना दुसऱ्या वर्षी त्याला मोठ्या टीममध्ये घेतलंच नव्हतं. ज्युनियरमध्ये खेळला होता तो. मागे बसणं काय असते ते त्याला नवं नाही."

मी हसले, पण काकू हसल्या नाहीत. त्यांनी मनात पूर्ण खेळ मांडला होता. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला सहा मिनिटं. लांबून फेकायचं नाही. आत घुसायचं, पास द्यायचा, बचावात लढायचं. शेवटच्या चार मिनिटांत मैदानात नाही.

"आणि फाऊल झाला तर? फ्री थ्रो त्यालाच मारावे लागतील."

"मारेल. आता खांदा बरा आहे त्याचा." त्यांनी दुसऱ्या झाडाची मिरची तोडली. "आणि नाही मारले तर मॅककॉनेल आहेच की बसलेला."